दोन टोचण्या, मग हात सोडायचा

सोमवार, १७ मार्च २०२५, सकाळी सात वाजून पंधरा मिनिटे. इंदापूरच्या स्थानकातून बारामतीची एस.टी. सुटली तेव्हा मी चालकाच्या मागच्या तिसऱ्या बाकावर बसलो होतो. मांडीवर कापडी पिशवी होती. पिशवीत फूटपट्टी, दोन पेन, चष्म्याचे घर आणि जेवणाचा डबा. मला परीक्षा घ्यायला बोलावले होते.

परीक्षा दोन परिचारिकांची होती. बारामतीतल्या एका खासगी रुग्णालयात, ज्याचे नाव लिहिण्याची गरज नाही, दोघी सहा वर्षे करारावर काम करत होत्या. जागा एकच कायम होणार होती. जी मागे पडेल तिचा करार एकतीस मार्चला संपणार आणि पुढे वाढणार नाही, असे व्यवस्थापनाने दोघींना लेखी कळवले होते. दोघी माझ्या हाताखाली शिकलेल्या. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी आठ वर्षे त्या रुग्णालयात नव्या मुलींना वॉर्डातले काम शिकवत असे, आणि या दोघी माझ्या शेवटच्या तुकडीतल्या. म्हणून परीक्षक मी.

मी ब्रदर होतो. वॉर्डात पुरुष परिचारकाला ब्रदर म्हणतात. आमच्या घरात त्याआधी कोणी दवाखान्याची पायरी नोकरीसाठी चढलेले नव्हते. वडिलांची मेंढरे होती. मी परिचर्येच्या अभ्यासक्रमाला नाव घातले तेव्हा भावकीतल्या एकाने पारावर सगळ्यांदेखत विचारले, "बायकांचं काम करतूस व्हय रं?" मी म्हटले, "तुमच्या मेंढरांची बाळंतपणं कोण करतं? तुमची बायको?" तो विषय तिथे संपला. मेंढरांनी मला एक गोष्ट शिकवली होती. लोकरीखाली डोळ्याचा उपयोग नसतो, बोटाने बघावे लागते. पुढे माणसाच्या हातातली शीर शोधताना मला तेच कामाला आले.

निमगाव केतकीला गाडीत एक म्हातारे जोडपे चढले. त्याला तिने जवळजवळ उचलूनच आत आणले. तो माझ्या शेजारी बसला आणि डोके समोरच्या दांडीवर टेकले. ओठ कोरडे, डोळे आत गेलेले. मी त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"किती जुलाब झाले?" मी विचारले.

म्हातारी म्हणाली, "मोजायचं सोडलं बघा रातीच. पावण्यांच्या तेराव्याला गेलतो परवा. बाकीच्यांना कायबी न्हाय, ह्यांनाच धरलं. तुमी डाक्टर हाय का?"

"नाही. ब्रदर."

"कुणाचं?"

"दवाखान्यातला. यांना लघवी कधी झाली शेवटची?"

म्हातारीने पदर तोंडावर घेतला. असे प्रश्न गाडीत विचारायचे नसतात, असे तिला वाटले असावे. म्हातारा डोके न उचलता म्हणाला, "काल दुपारी. तिला काय विचारता, लगवी माझी हाय."

पुढच्या थांब्याला एक हॉटेल होते. मी वाहकाला दोन मिनिटे गाडी थांबवायला सांगितली.

"आजोबा, ही यष्टी हाय, तुमची जीप न्हाय."

"दोन मिनिटं. नाहीतर तुमच्याच बाकावर सलाईन लावावं लागेल."

वाहकाने म्हाताऱ्याकडे पाहिले आणि घंटी ओढली. मी हॉटेलातून साखर आणि मीठ घेतले, माझ्या बाटलीतल्या पाण्यात घातले आणि बारामती येईपर्यंत बाटलीच्या झाकणाने त्याला घोट घोट पाजत राहिलो. निम्मे त्याने ओकले, निम्मे राहिले. जोडपे बारामतीला ओळखीच्या डॉक्टरकडे निघाले होते. मी त्यांना रिक्षात घालून माझ्याबरोबर घेतले. कॅज्युअल्टीत त्यांना सोपवले, डॉक्टरांना काय पाहिले ते सांगितले आणि वरच्या मजल्यावर गेलो. तेव्हा नऊ वाजले होते.

दोघी दारातच उभ्या होत्या. गणवेश कडक इस्त्रीचे. एक कोऱ्हाळे बुद्रुकची, दुसरी वडगाव निंबाळकरची. गावे शेजारची. वॉर्डात त्या एकमेकींना गावाच्याच नावाने हाक मारत, म्हणून मीही इथे तशीच मारतो. सहा वर्षे दोघी एकाच गाडीने येत. जी आधी चढेल ती दुसरीसाठी रुमाल टाकून जागा धरी, आणि मग बारामतीपर्यंत दोघी भांडत.

"काय गं वडगाव, आज चादरीचे कोपरे नीट दुमडशील ना? का म्हशीची वैरण बांधल्यासारखं बांधशील?"

"तू तुझ्या उसाचं बघ. नुसता तुरा आलाय, रस कुठाय?"

"सर, बघा ही कशी बोलते."

"दोघी गप्प बसा," मी म्हटले. "हात दाखवा." नखे कापलेली होती. दोघींचीही.

त्यांची स्पर्धा मी पहिल्या महिन्यापासून पाहत आलो. कोणाच्या रुग्णाला पाठीला जखम होत नाही, कोणाच्या नोंदी डॉक्टरांना न विचारता वाचता येतात, कोणाला लहान मुलाची शीर पहिल्या सुईत सापडते. तक्ता कुणी लावलेला नव्हता, बक्षीस नव्हते. तरी दोघींना रोज ठाऊक असे की आज कोण पुढे आहे. अशी स्पर्धा वॉर्डात असावी. ती नसली की हात सुस्त होतात. गेल्या वर्षापासून मात्र प्रशासकांनी भिंतीवर एक फळा लावला होता. त्यावर परिचारिकांची नावे आणि नावांपुढे तारे. ज्या दिवशी तो लागला त्या दिवशी मी सहज भेटायला गेलो होतो. मी त्यांना म्हटले होते, हे बालवाडीत लावतात. त्यांना ते आवडले नव्हते. तरीही त्यांनी मला परीक्षक केले, कारण मेट्रनने, म्हणजे मुख्य परिचारिकेने, दुसऱ्या कुणाचे नाव सुचवायला नकार दिला.

आता वॉर्डातला नियम सांगतो, कारण त्या दिवशी सगळे त्याच्यावर आले.

नियम असा. सलाईनची सुई लावताना एका माणसाने दोनदाच प्रयत्न करायचा. दोन टोचण्यांत शीर सापडली नाही तर हात सोडायचा आणि सुई दुसऱ्याला द्यायची. देताना शिरेबद्दल आपल्याला जे कळले ते सगळे सांगायचे, काहीही मागे ठेवायचे नाही. आणि ज्याला सापडेल त्याने सगळ्यांसाठी चहा करायचा. चहा जिंकणाऱ्याने करायचा, हरणाऱ्याने नव्हे. ज्याची सुई चुकली तो आधीच खाली बघत असतो, त्याला स्टोव्हपाशी उभे करू नये.

हा नियम मी घालून दिला असे लोक म्हणतात. ते खोटे आहे. तो मला घालून दिला गेला.

इंदापुरात माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी पुण्याहून शिकून आलेली एक सिस्टर माझ्या वॉर्डात रुजू झाली. घरात सगळे शिक्षक आणि वकील. बोलणे स्वच्छ, हात त्याहून स्वच्छ. मला ती पहिल्या दिवसापासून खटकली, कारण ती माझ्याइतकीच चांगली होती. एका दुपारी एका म्हाताऱ्या बाईला सलाईन लावायचे होते. ती सिस्टर पलीकडच्या पलंगापाशी उभी होती आणि बघत होती. माझी पहिली सुई चुकली. दुसरी चुकली. मी तिसरी घेतली, मग चौथी. बाई ओरडत नव्हती, फक्त दर वेळी तिचा श्वास अडकत होता. सहाव्या सुईला तिचा मुलगा पुढे आला आणि त्याने माझे मनगट धरले. तेव्हा ती सिस्टर आली. तिने दुसऱ्या हातावर एकाच सुईत शीर घेतली. मुलगा तिला म्हणाला, "बाई, तुमी आधी का न्हाय आला?" ती म्हणाली, "ब्रदरनी तो हात तपासून बघितला म्हणून मला हा घेता आला. तो हात चालत नाही, हे त्यांनी शोधून काढलं."

त्यात सत्य फार थोडे होते. नंतर तिने चहा केला, माझ्यासमोर कप ठेवला आणि म्हणाली, "दोन. यापुढे दोन. मलाही, तुम्हालाही." मी होय म्हटले. त्यानंतर एकवीस वर्षे आम्ही एकमेकांवर मात करायचा रोज प्रयत्न केला आणि तिसरी सुई कोणीही उचलली नाही. ती आता नाही. त्या म्हाताऱ्या बाईच्या हातावरचे सहा डाग मला अजून मोजता येतात.

परीक्षा दहाला सुरू झाली. चार भाग होते, प्रत्येकी पंचवीस गुण. पलंग करणे, औषधे देणे, नोंदी लिहिणे आणि शीर घेणे. शेवटच्या भागासाठी प्रशासकांनी प्लॅस्टिकचा हात मागवला होता. आत रबरी नळ्या, नळ्यांत लाल पाणी. दुपारी बारापर्यंत तीन भाग झाले. कोऱ्हाळ्याचे गुण एकसष्ट, वडगावचे त्रेसष्ट. मी ते कोणाला सांगितले नाहीत.

प्लॅस्टिकचा हात टेबलावर मांडत होतो तेव्हा खालून म्हाताऱ्याला वॉर्डात आणले. कॅज्युअल्टीत लावलेले सलाईन निघून गेले होते, हात सुजला होता, आणि ड्यूटीवरच्या दोन्ही सिस्टर एका श्वास लागलेल्या रुग्णापाशी अडकल्या होत्या. मेट्रन म्हणाली, "सर, परीक्षा थांबवू. आधी पेशंट." मी प्लॅस्टिकच्या हातावर फडके टाकले.

कोऱ्हाळे पलंगाच्या जवळ होती, म्हणून ती पुढे झाली. रबरी पट्टा बांधला. म्हातारीला बाजूला बसवले.

"आबा, मूठ आवळा. जरासं टोचेल."

"टोच. पर सुईच हाय ना? सकाळधरनं खाली दाभणानं शिवतायत मला."

पहिल्या सुईला रक्त दिसले आणि लगेच कातडीखाली निळा फुगा आला. शीर फुटली. तिने कापूस दाबला आणि मला तो धरायला सांगितला. दुसरी सुई मनगटाजवळ घातली. काही आले नाही. पाणी आटलेल्या माणसाच्या शिरा रिकामी रबरी नळी चपटी व्हावी तशा होतात.

तेव्हा मी दाराकडे पाहिले. प्रशासक उभे होते. त्यांच्या हातात गुणांचा कागद होता, माझ्या टेबलावरून उचललेला. कोऱ्हाळ्यानेही त्यांना पाहिले. तिच्या समोरच्या ट्रेमध्ये तिसरी सुई होती. ती उचलली असती तर कदाचित लागलीही असती. तिच्या घरी काय आहे ते मला माहीत होते. नवऱ्याचा कारखान्यातला हंगामी रोजगार, दोन मुली, सासऱ्यांचे औषध. त्याहून जास्त मी इथे फोडून सांगणार नाही.

तिने पट्टा सोडला. दोन्ही वापरलेल्या सुया डब्यात टाकल्या.

"वडगाव, ये. हा हात मी वाया घालवला. डाव्या हाताला कोपराच्या वर आतल्या बाजूला एक आहे, दिसत नाही, बोटाला लागते. सरकते. खालून अंगठ्यानं धरून ठेव. खोल जाऊ नकोस."

वडगाव आली. बोटाने चाचपले, मान हलवली. म्हाताऱ्याला म्हणाली, "आबा, आता मी. हिच्यापेक्षा माझा हात हलका आहे."

"तिनंबी तेच सांगितलं असंल."

"नाही, ती खरं बोलते."

सुई एकदाच गेली. नळीत रक्त चढले, सलाईन सुरू झाले. म्हाताऱ्याने डोळे उघडून तिच्या हाताकडे बघितले. त्याचा पानमळा होता, हे मला मग कळले. तो म्हणाला, "पानाचा देठ खुडावा तसा हात हाय पोरी तुजा." वडगावने कोऱ्हाळ्याकडे बघून भुवई उडवली. कोऱ्हाळे म्हणाली, "देठ मी दाखवला." वडगाव चहा करायला गेली.

इथपर्यंत सगळे वॉर्डात होते तसे झाले. मग प्रशासक आत आले.

"छान," ते म्हणाले. "प्लॅस्टिकच्या हाताची गरजच नाही. चौथा भाग आपल्यासमोर झाला. एकीला दोन्ही वेळा जमलं नाही, एकीला पहिल्या वेळेस जमलं. पंचवीस आणि शून्य. सही करून टाका."

मी म्हटले, "पेशंट म्हणजे प्रश्नपत्रिका नव्हे."

"पण खरी परीक्षा तर हीच ना?"

"मग खरीच मोजा. पहिला हात खराब होता ते कुणी शोधलं? दुसरी शीर कुणाला सापडली? नोकरी जात असताना तिसरी सुई कुणी उचलली नाही? याचे गुण कुठल्या रकान्यात लिहू?"

"असा रकाना नाही."

"म्हणून सही नाही."

मग त्यांनी मोठी चूक केली. चहाचे कप घेऊन आलेल्या वडगावकडे वळून ते म्हणाले, "सिस्टर, तुम्हीच सांगा. तुमचा तर फायदाच आहे."

वडगावने कप ठेवले. एकेक, सावकाश. आधी म्हातारीला दिला.

"सर, मला जागा पाहिजे," ती म्हणाली. "हिच्याइतकीच पाहिजे. पण शीर हिनं शोधली, मी फक्त सुई घातली. त्या मार्कांवर मला नको. तो प्लॅस्टिकचा हात काढा. तिथं मी हिला हरवते."

"हरवून दाखव," कोऱ्हाळे म्हणाली.

"दाखवते."

शीर हिनं शोधली, मी फक्त सुई घातली. हे वाक्य मी त्यांना शिकवले नव्हते. पुण्याच्या सिस्टरबद्दल मी त्यांच्यापुढे कधी बोललेलो नाही.

प्रशासक काही बोलणार तेवढ्यात पडद्यामागून म्हातारी धावत आली. "अवो ब्रदर! झाली! झाली त्यांना!"

"काय झाली?" प्रशासकांनी विचारले.

"लगवी!" म्हातारी एवढ्याने ओरडली की पलीकडच्या पलंगावरचा रुग्ण उठून बसला. दोघी हसल्या. मेट्रन हसली. मूत्रपिंडे चालू झाली हे वॉर्डात हसण्यासारखेच असते. कोऱ्हाळ्याने ती वेळ नोंदीत लिहिली.

मी प्रशासकांच्या हातातला गुणांचा कागद परत घेतला आणि प्लॅस्टिकच्या हातावरचे फडके काढले.

प्लॅस्टिकच्या हाताची परीक्षा मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने घेतली. स्वच्छतेचे गुण, सुईच्या कोनाचे गुण, चिकटपट्टीचे गुण, आणि रुग्णाशी बोलण्याचे गुण. सहा वर्षांपूर्वी मी सगळ्या मुलींना सांगितले होते की ज्या हातात सुई जाते त्या हाताला आधी सांगायचे, मग तो बेशुद्ध माणसाचा असो, मेलेल्याचा असो वा मेणाचा.

वडगाव आधी बसली. तिचा हात त्या दिवशी मी पाहिलेला सर्वांत सुंदर हात होता. एका सुईत शीर, एक थेंब सांडला नाही, पट्टी सरळ. वेळ कोऱ्हाळ्यापेक्षा कमी. पण ती एक शब्दही बोलली नाही. दात आवळून बसली होती.

मग कोऱ्हाळे. तिची पट्टी किंचित तिरकी गेली. पण सुई उचलण्याआधी तिने त्या प्लॅस्टिकच्या हाताला म्हटले, "आबा, मूठ आवळा. जरासं टोचेल."

मेट्रनला हसू आवरले नाही. कोऱ्हाळे हसली नाही. सवयच होती ती.

मी बेरीज केली. वडगाव त्रेसष्ट आणि एकवीस, चौऱ्याऐंशी. कोऱ्हाळे एकसष्ट आणि चोवीस, पंच्याऐंशी. पुन्हा केली. तेवढीच आली.

मी ती दोघींसमोर वाचून दाखवली. वडगावने कागद स्वतःकडे ओढून बेरीज पाहिली.

"सर, प्लॅस्टिकला काय सांगायचं?"

"माणसाला सांगतेस तेच."

"आबाला सांगितलं होतं मी."

"ऐकलं मी."

"तरी चार मार्क?"

"तरी."

मी गुण बदलले नाहीत. कागद माझा होता, पेन माझे होते, एक गुण इकडचा तिकडे केला असता तर कोणाला कळलेही नसते. पण तिने स्वतः खरी परीक्षा मागितली होती. ती मागितल्यावर तिला खोटी द्यायची, हा तिचा अपमान झाला असता. लोक मला नंतर कठोर म्हणाले. म्हणोत. आजही तेच गुण देईन.

कोऱ्हाळ्याला आनंद झाला असेल, पण तिने तो तिथे दाखवला नाही. ती उठली आणि चहा करायला गेली. आधीचा चहा तसाच गार झाला होता. नवा आणून तिने पहिला कप वडगावपुढे ठेवला. वडगावने एक घोट घेतला.

"साखर कमी आहे."

"तुमच्याकडं दूध, आमच्याकडं साखर. मी किती घालायची ते मला शिकवू नकोस."

"तुरा," वडगाव म्हणाली. मग तिने तो चहा संपवला.

प्रशासकांनी हात पुढे केला. "म्हणजे कोऱ्हाळे. चला, झालं. सही करा."

"अजून नाही झालं."

मी पिशवीतून फूटपट्टी काढली आणि कागदाच्या उजव्या कडेला, जिथे कोरी जागा होती, तिथे एक रकाना आखला. वर लिहिले, अभिप्राय. खाली लिहिले, "दोन्ही उमेदवार कायम जागेस पात्र आहेत. दोघींमधील फरक एका गुणाचा आहे. आज या वॉर्डात एका रुग्णाचे सलाईन दोघींनी मिळून लावले. एकीने हात सोडला नसता किंवा दुसरीने घेतला नसता तर ते लागले नसते. यांपैकी एकीला घरी पाठवणे म्हणजे वॉर्डाचा एक हात काढून टाकणे होय. परीक्षकाचा याला विरोध आहे." त्याखाली सही केली आणि तारीख घातली.

प्रशासक वाचत राहिले. "याचा काही उपयोग होणार नाही, सर. निर्णय वरून झालाय."

"उपयोगाचं तुम्ही बघा. पोच द्या."

"पोच कशाची?"

"मी दिलेल्या कागदाची. त्याची छायाप्रत काढा, शिक्का मारा, आवक क्रमांक घाला. तोपर्यंत मी बसतो."

मी डबा उघडला आणि तिथेच, त्या ताऱ्यांच्या फळ्याखाली बसून जेवलो. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. त्यांना वाटले मी कंटाळून जाईन. माझ्या वडिलांनी मेंढरांमागे अख्खे माळ पालथे घातले होते, मला बसायचा कंटाळा नाही. अडीच वाजता मेट्रन स्वतः छायाप्रत घेऊन आली. शिक्का होता, क्रमांक होता, आणि माझ्या अभिप्रायाखाली तिने आपलीही सही केली होती. "मीही तुमच्या त्या सिस्टरबरोबर दोन टोचण्यांतच वाढले, सर," ती म्हणाली. ती नवखी असताना इंदापुरात पुण्याच्या सिस्टरच्या हाताखाली होती, हे मी विसरलो होतो.

वाचणाऱ्याला पुढचे कळायला हवे, म्हणून सांगतो. कागदाचा उपयोग झाला नाही. कोऱ्हाळे कायम झाली. वडगावचा करार एकतीस मार्चला संपला. दोन महिने ती घरी होती आणि पहाटे म्हशींच्या धारा काढत होती. माझ्याशी ती त्या काळात बोलली नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. जूनमध्ये इंदापुरातल्या एका दवाखान्यात जागा निघाली. अर्ज करायला तिला कोऱ्हाळ्याने भाग पाडले. अर्जासोबत वडगावने त्या पोच घेतलेल्या कागदाची प्रत जोडली, ज्यावर ती हरलेली होती. ती तिथे रुजू झाली. आता तिच्या वॉर्डात कोणी तिसरी सुई उचलत नाही, आणि ती प्लॅस्टिकच्या हाताशीही बोलते, असे मला तिच्या हाताखालच्या एका मुलीने सांगितले. कोऱ्हाळ्याला आणि तिला अजून ठाऊक असते की आज कोण पुढे आहे. भिंतीवरचा फळा मेट्रनने त्याच आठवड्यात काढून अडगळीत टाकला. त्याची पोच तिने कुणाला मागितली नाही.

त्या सोमवारी मी निघालो तेव्हा म्हातारा उठून बसला होता. म्हातारी त्याला चमच्याने पेज भरवत होती. मला बघून तो म्हणाला, "ब्रदर, निमगावला उतरला तर मळ्यात या. पानं देतो." मी म्हटले, "मी पान खात नाही." तो म्हणाला, "मग नुसतं बसा." मी येईन म्हटले. दोघी जिन्यापर्यंत सोडायला आल्या. कोऱ्हाळे पाया पडायला वाकली, मी तिला वाकू दिले नाही. वडगाव वाकली नाही. ती मागे उभी राहिली, दोन्ही हात गणवेशाच्या खिशात घालून. मला तेच बरे वाटले.

साडेतीनची गाडी मिळाली. घरी पोहोचलो तेव्हा ऊन खिडकीवरून उतरले होते. पोच मी कपाटातल्या फाइलमध्ये लावली. फूटपट्टी जागेवर ठेवली. सदरा काढला तेव्हा उजव्या बाहीवर रक्ताचा एक थेंब वाळलेला दिसला. कापूस धरला होता तेव्हाचा. रक्ताला गरम पाणी लावायचे नसते, डाग पक्का होतो. बादलीत गार पाणी घेतले, मूठभर मीठ टाकले आणि सदरा भिजत घातला.